प्रार्थना जमत नाही म्हणजे विश्वास गेला का?

बडोद्यातल्या मांजलपूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला असून कीमोथेरपी चालू आहे. ताईंचं माहेर ख्रिस्ती, सासर दांडिया बाजारातलं हिंदू. त्या लिहितात: "सासरी म्हणतात, मागच्या जन्मीचं काही असेल. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, म्हणतात, विश्वास कमी पडतोय. तिथल्या एका भावांनी तर सांगितलं, औषधं बंद करा आणि सगळं देवावर टाका. मला महिनाभर प्रार्थना करता आलेली नाही. डोळे मिटले की देवाचा राग येतो. मी विश्वासातून गेले का? पवित्र शास्त्र, बायबल, खरंच काय म्हणतं?"

ताई, आधी औषधांचं बोलू, कारण बाकीचं सगळं चार दिवस थांबू शकतं, हे नाही. मी आयुष्यभर परिचारिका होते. निवृत्त झाल्यावर मंडळीच्या वतीनं आजाऱ्यांच्या भेटीला जाते आणि शनिवारी बायकांचा बायबल अभ्यास घेते. दोन्ही नात्यांनी सांगते: कीमो मध्येच सोडायची नाही. या आजारात उपचार अर्धवट राहिले तर तो उलटतो, आणि उलटलेला आजार पहिल्यापेक्षा चिवट असतो. शास्त्रही औषधाच्या विरुद्ध नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. त्यानं भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली, देवानं ती ऐकली, पंधरा वर्षं वाढवून दिली. आणि त्याच गोष्टीत यशया संदेष्टा सांगतो, अंजिराचा लेप करून गळवाला लावा. प्रार्थना ऐकली गेल्यावरही लेप लावावाच लागला. प्रेषित पौलानं आपल्या सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी आणि वरचेवरच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. "विश्वास वाढव" असं तिथं म्हटलेलं नाही. त्याचा दुसरा सोबती त्रफिम आजारी पडला, तेव्हा पौलानं त्याला मिलेत गावात आजारी स्थितीतच मागे ठेवलं, आणि पत्रात तसं सरळ लिहून टाकलं. ज्या पौलाच्या हातून आजारी बरे झाल्याचं बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात वाचतो, त्याचाच हा सोबती. त्रफिमाचा विश्वास कमी होता असं पौल म्हणत नाही.

ते भाऊ बहुधा याकोबाच्या पत्रातल्या पाचव्या अध्यायाचा हवाला देत असतील. तोच अध्याय त्यांच्यासमोर उघडा. तिथं आजारी माणसानं करायचं काम एकच आहे: मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलावणं. तेल लावणं, प्रार्थना करणं, विश्वास धरणं हे येणाऱ्यांचं काम. म्हणजे विश्वास कमी पडल्याचा हिशेब मागायचाच असेल, तर तो खाटेवर पडलेल्या पोराकडून किंवा त्याच्या आईकडून मागायचा नाही.

आता मूळ प्रश्न. सासरचं म्हणणं आणि मंडळीतल्या काही जणांचं म्हणणं वरवर दोन टोकांचं वाटतं, पण हिशेब एकच आहे. दुःख आलंय म्हणजे कुठंतरी काहीतरी चुकलंय. एका घरात ते मागच्या जन्मात शोधतात, दुसऱ्या घरात तुमच्या मनात. हा हिशेब जुना आहे, आणि पवित्र शास्त्रात तो मांडणाऱ्यांची नावं आहेत: तेमानी अलीफज, शूही बिल्दद, नामाथी सोफर. मुलं, जनावरं, प्रकृती सगळं गमावलेल्या नीतिमान ईयोबाचे तीन मित्र.

या मित्रांची सुरुवात चांगली होती, हे विसरू नये. ते लांबून आले. ईयोबाला ओळखू न येण्याइतका बिघडलेला बघून मोठ्यानं रडले, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कुणी एक शब्द बोललं नाही. आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांनी ईयोबाच्या पुस्तकातला तो दुसरा अध्याय पाठ करावा असं मी नेहमी म्हणते. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. त्यातही ते कसं बिघडत गेलं ते बघण्यासारखं आहे. अलीफज सुरुवातीला फार सभ्य आहे. "बोललो तर तुला राग येईल का?" असं विचारून बोलायला लागतो, रात्री पडलेलं एक गूढ स्वप्न सांगतो. बिल्दद आठव्या अध्यायात, दहा मुलं एका दिवसात गमावलेल्या बापाला सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, त्याचं फळ देवानं त्यांना दिलं. हे वाक्य मी पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा वॉर्डाच्या दारात उभे राहून बोलणारे कितीतरी चेहरे डोळ्यांसमोर आले. सोफर म्हणतो, तुझ्या पापाच्या मानानं देवानं कमीच दिलंय. आणि बाविसाव्या अध्यायापर्यंत तोच सभ्य अलीफज सरळ आरोप रचायला लागतो: तू उघड्यानागड्यांचे कपडे काढून घेतलेस, तहानलेल्याला पाणी दिलं नाहीस, विधवांना रिकाम्या हातानं घालवलंस. पुरावा? काही नाही. हिशेब जुळत नव्हता, म्हणून पाप शोधून काढावं लागलं. तुमच्या बाबतीत "विश्वास कमी" हे असंच जुळवून आणलेलं उत्तर आहे. उपचारांना यश आलं तर तेच लोक म्हणतील, विश्वास होता.

आणि ईयोब? आपल्याकडे "ईयोबासारखा धीर" म्हणायची पद्धत आहे. पहिले दोन अध्याय वाचून पुस्तक मिटलं की तसंच वाटतं. "परमेश्वरानं दिलं, परमेश्वरानं नेलं" हे कितीतरी अंत्यविधींत म्हटलं जातं. पण पुस्तक बेचाळीस अध्यायांचं आहे, आणि तिसऱ्या अध्यायापासून हा माणूस जन्माच्या दिवसाला शिव्याशाप देतो. सातव्या अध्यायात तो देवाला म्हणतो: माणसात तुला एवढं काय दिसतं, की रोज सकाळी येऊन तपासतोस, क्षणाक्षणाला पारखतोस? मला आवंढा गिळायला तरी मोकळं सोड. ताई, तुमच्या मुलाच्या तोंडात कीमोनंतर फोड आले असतील. त्याला पाणी गिळताना बघितलं असेल तर हे वाक्य तुम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

नवव्या अध्यायात त्याची तक्रार अशी, की आम्हा दोघांमध्ये निवाडा करायला कुणी मध्यस्थ नाही. सोळाव्यात तो मित्रांना म्हणतो, तुम्ही सगळे त्रासदायक सांत्वन करणारे आहात. एकोणिसाव्यात "माझा उद्धारक जिवंत आहे हे मला ठाऊक आहे" हे प्रसिद्ध वाक्य येतं, जे लोक कबरीच्या दगडावर कोरून घेतात. पण त्याच्या दहाबारा ओळी आधी काय आहे? भाऊ लांब गेले, घरातले नोकर हाक मारल्यावर येत नाहीत, बायकोला माझा श्वास नकोसा झाला, लहान पोरंही टर उडवतात, मी हाडं-कातडं राहिलो. विश्वासाचं ते वाक्य या तक्रारीच्या पोटातून आलंय. तक्रार संपवून, तोंड धुऊन, मग विश्वासाकडे वळला, असं काही झालेलं नाही.

शेवटी देव वादळातून बोलतो. चार अध्याय बोलतो, पण तुझ्यावर हे का आलं याचं एका ओळीचंही उत्तर देत नाही. वाचकाला पहिल्या अध्यायातला स्वर्गातला देवाचा आणि सैतानाचा संवाद माहीत असतो. ईयोबाला तो कधीच कळत नाही. देव त्याला रानशेळ्यांची वेणं, शहामृग, रानगाढव, आणि जिथं माणूस राहत नाही अशा ओसाड जमिनीवर पडणारा पाऊस यांच्याबद्दल विचारतो. पुष्कळजण म्हणतात की देवानं ईयोबाला गप्प केलं. मला ते तितकं सरळ वाटत नाही. देव त्याच्या पापाचा एकदाही उल्लेख करत नाही, आणि एवढं बोलतो म्हणजे त्याच्याशी बोलणं तोडत नाही. जो इतके दिवस "माझ्यासमोर ये" म्हणून ओरडत होता, त्याच्यासमोर तो आला. हे पुरेसं आहे की नाही यावर आमच्या शनिवारच्या वर्गात दरवेळी वाद होतो, आणि मी तो मिटवत नाही.

पण एक गोष्ट वादापलीकडची आहे. बेचाळीसाव्या अध्यायाच्या सातव्या वचनात देव अलीफजाला म्हणतो की माझा राग तुझ्यावर आणि तुझ्या दोन मित्रांवर भडकलाय, कारण ईयोबासारखं यथार्थ तुम्ही माझ्याविषयी बोलला नाहीत. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांवर देव रागावला. देवाशी भांडणारा यथार्थ बोलला. वर त्या तिघांना सात बैल आणि सात मेंढे घेऊन ईयोबाकडेच जावं लागलं, त्यानं त्यांच्यासाठी प्रार्थना केली तेव्हा कुठं त्यांचं निभावलं. ताई, तुमच्या प्रश्नाचं शास्त्रातलं सगळ्यात थेट उत्तर मला विचाराल तर हे आहे. राग येतो म्हणून तुम्ही विश्वासातून गेला नाहीत. राग ज्याचा येतोय, तो आहे आणि ऐकतोय हे तुम्ही अजून धरूनच चालला आहात.

ईयोबाचा शेवटचा भाग मात्र कुणी तुम्हाला सांत्वन म्हणून वाचून दाखवायला लागलं तर हात जोडून थांबवा. मेंढरं सात हजारांची चौदा हजार झाली, उंट तीन हजारांचे सहा हजार. जनावरं दुप्पट आली. मुलं मात्र पहिल्याइतकीच, सात आणि तीन, आणि ती दुसरी होती. गेलेली परत आली असं लिहिलेलं नाही. एक बारीक गोष्ट मला तिथं आवडते: नव्या मुलींची नावं दिली आहेत, यमीमा, कसीया, केरेन-हप्पूख, आणि बापानं त्यांना भावांच्या बरोबरीनं वाटा दिला. मुलग्यांची नावं नाहीत. एवढं सोसलेल्या बापाचा हात पुढं थोडा सैल झाला असावा, असं मी आपली समजते.

स्तोत्रसंहितेकडे येऊ, कारण प्रार्थना जमत नाही म्हणणाऱ्याला मी तिथंच पाठवते. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण तिसरा हिस्सा विलापाचा आहे. आपण उपासनेत तेविसावं आणि शंभरावं म्हणतो, म्हणून हे कळत नाही. तेरावं फक्त सहा वचनांचं आहे आणि पहिल्या दोन वचनांत चार वेळा "किती वेळ?" आहे. एकोणचाळिसावं संपतं ते देवाला "माझ्यावरची नजर काढ" असं सांगून. आणि अठ्ठ्याऐंशीवं, हेमान एज्राहीचं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठंतरी स्तुतीकडे वळतात. हे वळतच नाही. शेवटच्या ओळीत जवळची माणसं दूर गेलेली आहेत, आणि उरलाय तो अंधार. तरी ते शास्त्रात ठेवलं. कुणी त्याला "हालेलूया" जोडून नीटनेटकं केलं नाही. त्यात रोज सकाळी माझी प्रार्थना तुझ्यासमोर येते, असंही म्हटलंय. म्हणजे हा माणूस रोज येतो, रोज हेच बोलतो.

देवाला असं बोलणं मराठी कानाला परकं नाही. तुमच्या सासूबाईंना जनाबाईंचे अभंग येत असतील. ती विठोबाला काय काय बोलते हे त्यांना विचारा. मला वाटतं, त्या एका विषयावर तुमचं दोघींचं चांगलं जमेल.

येशूकडेही याच दृष्टीनं बघा. गेथशेमाने बागेत त्यानं "हा प्याला माझ्यापासून दूर कर" अशी मागणी केली. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" हे नंतरचं. आधी मागणी आहे, आणि ती खरी आहे. पेत्र, याकोब आणि योहान यांना त्यानं जागं राहायला सांगितलं होतं. ते झोपले. वधस्तंभावर त्याच्या तोंडी आलं ते बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वचन: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? ज्या घडीला स्वतःचं काही सुचत नव्हतं, तेव्हा त्यानं लहानपणापासून पाठ असलेलं दुसऱ्याचं स्तोत्र म्हटलं. तुम्हाला स्वतःच्या शब्दांत प्रार्थना सुचत नसेल तर काही बिघडत नाही.

आता लोक ज्या वचनांनी मारतात, त्यातल्या दोन वचनांबद्दल. "सोसवेल त्यापेक्षा जास्त देव देत नाही" हे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायातून काढलेलं असतं. तिथं विषय परीक्षेचा, मोहात पडण्याचा आहे, मूर्तिपूजेबद्दल बोलता बोलता आलेला. आजारपणाचं ओझं मोजायचं ते माप नाही. तोच पौल दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की आशिया प्रांतात आमच्यावर शक्तीपलीकडचं ओझं आलं, इतकं की जगण्याचीही आशा राहिली नव्हती. शक्तीपलीकडचं. त्याचे शब्द आहेत. दुसरं वचन रोमकरांस आठवा अध्याय, सगळ्या गोष्टी मिळून चांगल्यासाठी काम करतात. खरं आहे, पण ते ज्यानं सोसलंय त्यानं मागं वळून म्हणायचं वचन आहे. भेटीला आलेल्यानं, चहाचा कप हातात घेऊन, दुसऱ्याच्या खाटेशी म्हणायचं नाही. त्याच अध्यायात थोडं आधी, आपल्याला काय मागावं हे कळत नाही तेव्हा आत्मा शब्दांत न येणाऱ्या कण्हण्यानं आपल्यासाठी विनंती करतो, असं आहे. ते कुणी वाचून दाखवत नाही.

आणि ज्यांना विश्वासाचं मोजमापच करायचंय, त्यांना मार्काच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायातला बाप दाखवा. त्याचा मुलगाही आजारीच होता, लहानपणापासून. तो येशूला म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एका दमात दोन्ही. येशूनं त्याला "आधी विश्वास पुरता करून ये" म्हणून परत पाठवलं नाही. त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती तर काही बोललेलाच नाही. चौघांनी छप्पर उसकटून खाट खाली सोडली, आणि येशूनं "त्यांचा" विश्वास बघितला असं लिहिलंय. प्रार्थनेचा भार काही दिवस इतरांनी उचलावा, ही पळवाट नाही. तुम्ही मंडळीतल्या दोघी-तिघींना स्पष्ट सांगा: मला जमत नाहीये, तुम्ही करा.

विश्वास असला की सुटका होतेच, असं शास्त्र म्हणत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात हेरोद राजा येशूच्या शिष्याला, याकोबाला, तलवारीनं मारतो, आणि त्याच अध्यायात देवदूत पेत्राला तुरुंगातून बाहेर काढतो. पेत्रासाठी मंडळी कळकळीनं प्रार्थना करत होती. याकोबाच्या आईनं केली नसेल? एकाला का, दुसऱ्याला का नाही, ते पुस्तक लिहिणारा लूक काही सांगत नाही. इब्रीकरांस पत्राचा अकरावा अध्याय, ज्याला आपण विश्वासवीरांचा म्हणतो, त्यात कुणी सिंहांची तोंडं बंद केली, कुणाला करवतीनं कापलं. दोन्ही विश्वासानंच. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो राजाला म्हणाले, आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवू शकतो, पण नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. भट्टीत जाण्याआधी त्यांनी सुटकेची अट घातली नव्हती.

आपल्या शहराचंच बघा. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तळ्यात सहलीची बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. त्या आयांना कुणी "मागच्या जन्मीचं" किंवा "विश्वास कमी" म्हणायला धजावेल का? येशूच्या काळी शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. लूकाच्या तेराव्या अध्यायात तो स्वतःच विचारतो, ते यरुशलेमेतल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर देतो: नाही. मग तो विचारणाऱ्यांना म्हणतो, तुम्ही स्वतःचं बघा, पश्चात्ताप करा. मेलेल्यांची पापं मोजायची त्यानं परवानगी दिली नाही. योहानाच्या नवव्या अध्यायातही जन्मांधाबद्दल शिष्यांनी "कुणी पाप केलं, यानं की याच्या आईबापांनी?" असं विचारलं. दोघांनीही नाही, हे त्याचं उत्तर. हे दोन उतारे सासरी दाखवायला हरकत नाही, पण वाद घालायला म्हणून नको.

आपल्या मराठी माणसांतलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाई. दुष्काळाच्या वणवणीत आईवडील गेले, पुढं भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत १८८२ मध्ये नवरा पटकीनं गेला. हे सगळं बाप्तिस्म्याच्या आधीचं. पण १९२१ च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तेव्हा त्या केडगावला मुक्ती मिशन चालवत होत्या आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर हाती होतं. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः वारल्या, पुस्तक छापून आलं १९२४ मध्ये. त्यांचा विश्वास कमी होता म्हणून मुलगी गेली, असं आज एकही माणूस म्हणणार नाही. मग मांजलपूरच्या बाईला का म्हणायचं?

आता व्यवहाराचं. एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीनं रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि "पुरे झालं, माझा जीव घे" म्हणाला. देवदूतानं त्याला वचन ऐकवलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवून म्हणाला, ऊठ, खा. तो खाऊन परत झोपला. दुसऱ्यांदाही तेच. देवाशी बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर. तुम्ही महिनाभर किती तास सलग झोपलात? रात्रीची पाळी वाटून घ्या. नणंद असेल, दीर असेल, मंडळीतलं कुणी असेल. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्याला लगेच काम द्या: बुधवारचा डबा, किंवा रिपोर्ट आणायला फेरी. पुष्कळांना मदत करायचीच असते, काय करावं कळत नसतं म्हणून वचनं सांगत बसतात.

कीमोमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना संसर्ग पटकन होतो, म्हणून खाटेभोवती दहा जणांनी जमून डोक्यावर हात ठेवायचे नाहीत. दोघं पुरेत, हात साबणानं धुऊन, तोंडाला मास्क लावून. सर्दीखोकला असलेल्यानं घरूनच प्रार्थना करावी, देवाला तिथूनही ऐकू येतं. सासूबाईंना अंगारा लावायचा असेल तर माझं मत विचाराल तर आजीचा हात नातवाच्या कपाळाला लागू द्या. मंडळीत काहींना हे पटणार नाही, पण खाटेशी भांडण त्या पोरासाठी जास्त वाईट. मात्र तीर्थ, प्रसादाची कापलेली फळं, पंचामृत पोटात नको, पेशींचा काउंट वर येईपर्यंत. प्रभुभोजनही (भाकर-द्राक्षारसाचा विधी) घरी द्यायचं असेल तर पाळकसाहेबांना वेगळा, स्वच्छ पेला आणायला सांगा. नियम दोन्ही घरांना सारखा लावलात की कुणाला लागत नाही.

स्टेरॉइड चालू असेल तर मुलगा मधूनच चिडेल, रात्री झोपणार नाही, अवेळी खायला मागेल. त्यातला बराच भाग गोळीचा असतो, डॉक्टरांना सांगा, मनाला लावून घेऊ नका. पण तो "मीच का?" असं विचारेल, कधीतरी विचारेलच, तेव्हा गोळीवर ढकलू नका. "मला माहीत नाही" एवढंच म्हणा आणि बसून राहा. उत्तर आलं नाही म्हणून तो तुमच्यापासून लांब जाणार नाही, रचलेलं उत्तर दिलंत तर जाईल. ही पोरं फार लवकर ओळखतात. त्याला ईयोबाचा सातवा अध्याय वाचायचा असेल तर वाचू द्या, अडवू नका.

रविवारी उपासनेला जावंसं वाटलं नाही तर एखादा रविवार चुकू द्या. जाल तेव्हा मागच्या बाकावर बसा, गाणं म्हणवत नसेल तर नका म्हणू. शास्त्र एवढंच वाचा: तेरावं स्तोत्र, मोठ्यानं, दिवसातून एकदा. पाचव्या-सहाव्या वचनात ते स्तुतीकडे वळतं. तिथं तोंडातून शब्द येत नसतील तर चौथ्याला थांबा, बाकीचं पुस्तकात आहेच. ज्या दिवशी तेही जड वाटेल त्या दिवशी अठ्ठ्याऐंशीवं. मुलगा बरोबर वाचेल म्हणालात तर उत्तम, पण इथल्या पोरांना मराठी वाचताना अडखळायला होतं, आणि आजारी माणसाला अडखळायची फार लाज वाटते. त्याला गुजराती किंवा इंग्रजी प्रत द्या, तुमची मराठी तुमच्याकडे ठेवा. स्तोत्रांचे क्रमांक तिन्हींत तेच आहेत.